रिकाम्याहून रिकामं

सोमवार, ३ फेब्रुवारी

नोकरी लागली! जिन्यातूनच ओरडून मावशीला सांगितलं, तर तिने स्वयंपाकघरातून विचारलं, नोकरी लागली की आग लागली. तिचंही चुकत नाही. गेल्या वर्षी प्रॅक्टिकलच्या परीक्षेत सरांसमोर मीटर जमिनीवर आपटून मी कॉलेजबाहेर पडलो, तेव्हापासून या घरात माझ्या पावलांच्या आवाजावरून हवामानाचा अंदाज बांधतात.

मीटर आपटला तो मिरीसाठी. सर तिला म्हणाले होते, आकडे मनाचे लिहिलेत. मिरी आणि मनाचे आकडे! जिला दशांशचिन्हापुढचं शून्यसुद्धा गाळवत नाही, तिला! मिरी हे नाव मीच ठेवलेलं: एवढीशी, पण दाताखाली आली तर डोळ्यांतून पाणी. तिने माझं ठेवलं होतं काडेपेटी. त्या दिवशी मात्र ती एवढंच म्हणाली की तुला कुणी वकीलपत्र दिलं होतं का, आणि त्यानंतर तिच्या तोंडून काडेपेटी हा शब्द मी ऐकलेला नाही. तो पुन्हा ऐकायला मिळावा म्हणून मी आता एका तळघरात चाक फिरवणार आहे. बोला!

जागा म्हणजे रस्त्याच्या टोकाचं जुनं शीतगृह. समोर एक कुलूप दुरुस्तीवाला आणि एक लाँड्री. भिंती हातभर जाड, दारं तिजोरीसारखी, आणि खाली तळघरात प्रयोगशाळा. ती चालवणाऱ्या बाईंच्या हाताखाली मिरी संशोधन करते. बाईंना माणूस हवा होता. शिक्षणाची अट नव्हती, अट होती सुवाच्य अक्षराची. मिरीला लिहिलेली आणि कधीच न पाठवलेली पत्रं माझ्या ट्रंकेत पडून आहेत, त्यांनी माझं अक्षर घोटून गोल केलंय. प्रेम कुठे कामाला येईल सांगता येत नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

हे मी उजव्या हाताने लिहितोय आणि डावा हात एका पितळी चाकावर आहे. हेच माझं काम.

खोलीच्या मधोमध एक धातूची पेटी आहे, कपड्यांच्या ट्रंकेएवढी. आतली हवा काढून टाकली, उजेड काढून टाकला, थंडोबाने हेलियम सोडून ऊबही काढून टाकली. उरलं काय? काही नाही. ते काही नाही मोजायचं. थंडोबा म्हणजे इथला गारठ्याचा मेकॅनिक, हे नाव त्याने स्वतःच लावून घेतलंय. त्याची बायको रोज विचारते, आज पेटीत काय मिळालं. हा म्हणतो, काही नाही. मग उद्या परत कशाला जाता, असं ती विचारते. याचं उत्तर बाईंकडेही नाही असं तो बाईंच्या देखत म्हणतो, आणि बाई हसतात.

बाकीचं मिरीने समजावलं, मला अहो ऑपरेटर अशी हाक मारून, म्हणजे टोमणा मारून. पोकळी म्हणे गप्प बसत नाही. आत सारखी चुळबुळ चाललेली असते, किंचित वर, किंचित खाली, सगळं मिळून शून्य. पण ही वाटणी सारखी नसते. बहुतेक वेळा मोजलं की शून्याहून केसभर कमीच येतं. आणि क्वचित, फार क्वचित, एकदम डोंगराएवढं जास्त येतं. सगळ्या केसभर तुटींनी मिळून तो एक डोंगर उभा राहतो. मी म्हटलं, म्हणजे आमच्या घरासारखं, बाकीचे रोज थोडं थोडं गप्प बसतात आणि मी एकदाच ओरडतो. ती हसली! तोंड फिरवून हसली, पण खांदे हलले ते मी पाहिलं.

चाकाला इथे पापणी म्हणतात. ते फिरवलं की पेटीतला मापक हळूहळू पोकळीशी जोडला जातो, उलट फिरवलं की हळूहळू सुटतो. पापणी उघडायची, पाहायचं, मिटायची. सगळी गंमत हळूपणात आहे. मोटर चालत नाही, कारण मोटर जिथे सुरू होते तिथे धक्का असतो. माणसाचा हात मात्र कुठून निघाला ते कळू नये इतका मऊ निघू शकतो. आणि तो तसाच राहावा म्हणून ही वही. पापणीवरच्या माणसाने सतत लिहीत राहायचं, मनात येईल ते, पण ओळ तुटू द्यायची नाही, ही बाईंची पद्धत. लिहिणारा हात दुसऱ्या हाताला चाल लावून देतो. ओळ तुटली की चाकाला हिसका बसलाच. बाई म्हणाल्या, थंड डोक्याच्या माणसाला वाटतं आपल्याला हळू जमतंच, रागीट माणूस निदान शिकतो तरी. ही स्तुती होती की चिमटा, ते अजून ठरत नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

चाकाशेजारी एक लाकडी खुर्ची आहे. तिच्यावर बाईंचा कोट टाकलेला असतो, पण बसत कुणीच नाही. आज मी टेकणार तेवढ्यात थंडोबाने माझा दंड धरला. कारण विचारलं तर त्याने आपला तापमापक आधी भिंतीला लावला, मग टेबलाला, मग खुर्चीला. खुर्ची गार होती. एकाच खोलीत, एकाच हवेत असलेलं लाकूड का गार असावं? तो म्हणाला, ती सरांची खुर्ची. सर म्हणजे बाईंचे यजमान, माझ्याआधी पापणीवर तेच होते. कुठे गेले म्हणून विचारलं. ज्या माणसाची जीभ एरवी टाळ्याला लागत नाही तो फक्त म्हणाला की गेले असते तर बरं झालं असतं, आणि हेलियमचा नळ तपासायला निघून गेला.

बाई दुपारी दोन कप चहा आणतात. एक त्या खुर्चीच्या हातावर ठेवतात. आज नीट पाहिलं. त्यावर साय धरत नाही, बर्फाचा पापुद्रा धरतो.

असो. मिरीने आज निळा स्वेटर घातला होता.

बुधवार, १२ फेब्रुवारी

शिंकलो. चाक अगदी नखभर हललं असेल, पण पडद्यावरची रेघ बेडकासारखी उडाली. मिरी खुर्चीतून उठून उभी राहिली. बाईंनी ते मोजमाप पुसून टाकलं आणि मला बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसवलं, शाळेतल्यासारखं. मी चिडून विचारलं, हिसक्याने जे दिसतं ते काय खोटं असतं? त्या म्हणाल्या, खोटं असतं तर काळजी कशाला केली असती. हळू पाहिलं तर हवं ते पाहून परत येता येतं. हिसका देऊन पाहिलं की जे येतं ते खरोखर येतं, आणि त्याची तूट कुणाच्या तरी अंगावर पडते.

मला ते शिकवणीतल्या वाक्यासारखं वाटलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

वाईट बातमी. एकही मोठा चढ हाती लागला नाही तर बाईंचा प्रकल्प महिनाअखेर बंद. मिरीला विमानाने जावं लागेल इतक्या लांबच्या प्रयोगशाळेचं बोलावणं आलंय. मला जायचं नाहीये, असं ती म्हणाली. पडद्याकडे बघून म्हणाली, पण खोलीत मी एकटाच होतो.

आम्ही पापणी मऊ उघडतो, मऊ मिटतो. रेघ शून्याच्या केसभर खाली लोळत पडते. असा डोंगर दिसायला जन्म जाईल म्हणे. माझा जातोच आहे, पण तिच्याकडे फक्त फेब्रुवारी आहे.

बुधवार, १९ फेब्रुवारी

केलं. सांगतो.

बाई दाढ काढायला गेल्या होत्या. थंडोबा वर अंगणात. मी पापणी उघडत होतो आणि नेहमीप्रमाणे काहीबाही लिहीत होतो. मिरीचा भावाशी फोन चालला होता. ती म्हणाली, मोठी बॅग घे दादा, लवकर परतायचं नाहीये. माझ्या कानशिलात काहीतरी तडतडलं. ओळीच्या मध्येच पेन थांबवलं आणि दात खाऊन चाक ओढलं, पार शेवटपर्यंत.

आवाज झाला नाही. उलट आवाजाची जागाच क्षणभर रिकामी झाली. घड्याळाची टकटक, पंपाची घरघर, माझा श्वास, सगळं त्या खड्ड्यात पडलं. रेघ वर गेली, पडद्याबाहेर गेली. मग मिरी किंचाळली. आनंदाने! धावत येऊन तिने दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं. तळवे तापलेले होते. ऑपरेटर, तू वेडा आहेस, असं म्हणाली. काडेपेटी नाही म्हणाली, पण ओठावर होतं, मी शपथेवर सांगतो.

बाईंना सांगायचं नाही असं ठरलं. तिने नोंदीत लिहिलं: उघडझाप मऊ, नेहमीप्रमाणे. मिरीने मनाचं लिहिलं, माझ्यासाठी. (बरं, तिच्या कामासाठी. पण थोडं माझ्यासाठी.) चाक तिथेच अडकावं म्हणून मी खुंटी घातली आणि आम्ही उन्हात गेलो. मिटायचं राहिलं. नंतर मिटू, पळून जाते की काय पापणी.

गुरुवार, २० फेब्रुवारी

बाईंचा गाल सुजलाय. मी येईपर्यंत चाकाला कुणी हात लावू नका, असा निरोप. बरंच झालं. मिरी अहवाल लिहीत बसलीये. तिला थंडी वाजते, दोन स्वेटर घातलेत. काल एवढे गरम असलेले हात आज पाटीसारखे गार.

ती पाणी प्यायला उठली तेव्हा तिच्या खुर्चीवर मी सहज हात ठेवला. एखादा माणूस उठून गेला की जागा ऊबदार राहते ना? ही शेजारच्या रिकाम्या खुर्चीपेक्षा गार होती. रिकाम्याहून रिकामी. हात पटकन काढून घेतला आणि का काढला ते मनाला विचारलं नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

अंगणात मालाचा जुना काटा आहे, थंडोबा त्यावर सिलिंडर तोलतो. आज मिरी जवळून जात होती. तो म्हणाला, चढ गं पोरी सिलिंडरशेजारी, बघू त्यात तुझी भर पडते का, वाऱ्याने उडशील अशी झालीयेस. ती चढली. काटा मागे आला.

पुढे नाही. मागे. सिलिंडर एकटा होता त्याहून दोघं मिळून कमी भरले.

थंडोबाचं हसू तोंडावर तसंच राहिलं, विसरल्यासारखं. ती उतरली, काटा पुढे गेला. चढली, मागे आला. मग मला काय झालं कुणास ठाऊक, सिलिंडर ढकलून मी चढलो. काटा गरकन फिरला आणि शेवटच्या खिळ्यावर आपटून थरथरत राहिला.

मिरी रडली नाही. आकडा काय आला ते नीट लिहून घे, एवढंच म्हणाली.

रविवार, २३ फेब्रुवारी

जिन्याची पायरी माझ्या पायाखाली मोडली. शर्ट तोच, पट्ट्याचं भोक तेच, आरशात तोच मी. मावशी म्हणाली, प्रेमात माणसं वाळतात रे, तू काय शिसं खातोस की काय. मग माझ्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

मिरीचा फोन आला. बोलत होती. पण ती बोलते तेव्हा फोनमध्ये आवाज वाढत नाही. तिच्यामागे तिच्या घराचा आवाज आहे, पंखा, नळ, आणि ती बोलली की तेवढा भाग पुसला जातो. त्या पुसलेल्या जागेवरून शब्द ओळखायचे.

माझ्या छातीत मात्र दोन ठोके पडतात. एक माझा.

सोमवार, २४ फेब्रुवारी

बाई आल्या. मिरी दारातून आत आली आणि खोली होती त्याहून मोकळी झाली. बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा चाकाच्या खुंटीकडे. मी शिव्या खायच्या तयारीत होतो, उलट बोलायच्याही. त्या ओरडल्या नाहीत. सरांच्या खुर्चीवरचा कोट काढून त्यांनी मिरीच्या खांद्यावर टाकला. कोट तिच्यावर नीट बसेना.

मग सांगितलं. सरांनीही एकदा असंच चाक ओढलं होतं, बाईंच्या प्रबंधासाठी. पण तूट बाईंवर पडली नाही, त्यांची त्यांच्यावरच पडली. पापणी उघडी असेपर्यंत हिशेब पुरा होत नाही, ज्याचं देणं त्याला परत जाऊ शकतं. मात्र मिटायची ती इतकी हळू की पोकळीला कळू नये आपण पाहत होतो. तेव्हा बाईंनी चाक हाती घेतलं होतं. अर्ध्यावर आलं तसे सर परत येऊ लागले. खुर्ची ऊबदार झाली. त्यांचा हात बाईंच्या खांद्यावर आला. आता थोडंच राहिलंय म्हणून बाईंनी घाई केली.

मी म्हटलं, घाबरलात. त्या म्हणाल्या, घाबरून नाही रे. भीतीने हात आखडतो. घाई आनंदाने होते.

उघडणाऱ्या हातानेच मिटलेलं बरं, असं त्या म्हणाल्या. म्हणजे मी. मग माझी वही पाहिली, बुधवारपासूनचं अक्षर पाहिलं, आणि म्हणाल्या, या हाताने नाही. आधी अक्षर परत आण.

बुधवार, २६ फेब्रुवारी

अक्षर येत नाही. पेन तापतं, शाई पसरते. पानामागून पान गोल ग, गोल ळ, शाळेतल्यासारखं, आणि मध्येच हात —

मिरी बसली होती. आपल्या खुर्चीत, सरळ, माझ्यासमोर. थंडोबा आला आणि तिच्यावर जॅकेट टाकून गेला. मुद्दाम नाही. त्याला खुर्ची रिकामी दिसली.

ती म्हणाली — म्हणजे खोली तेवढी पुसली गेली — की असू दे, ऊब आहे जॅकेटला.

मी भिंतीवर डोकं आपटलं. भिंतीला खड्डा पडला. मला काही झालं नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

तिच्या भावाने बॅग आणून ठेवलीये. विचारतो, कुणासाठी आणली होती मी —

मावशीला मिरी आठवते. मीटर आठवतो. चेहरा सांगता येत नाही.

दुपारी ती मोडक्या पायरीशी उभी होती. म्हणाली, मी तुला काहीतरी म्हणायचे. काहीतरी जळणारं. काय ते?

सांगितलं नाही. तिनेच म्हणायला हवं. तिला परत आणलं की ती स्वतः —

उद्या. उद्याच. अक्षर असो नसो.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

डावा हात चाकावर आहे आणि खुंटी काढली आहे आणि चाक निघालं आहे आणि ते कुठून निघालं हे मला स्वतःला कळलं नाही म्हणजे नीट निघालं आहे, बाई समोर बसल्या आहेत आणि त्या माझ्याकडे बघत नाहीत, माझ्या पेनाकडे बघतात, थंडोबा दाराशी आहे आणि आज त्याला विनोद सुचत नाही, बाहेर उन्हात लाँड्रीवाला चादरी झटकतो आहे त्याचा आवाज इथवर येतो, आणि माझ्या मागे मिरीची खुर्ची आहे, मी वळून बघणार नाही, मला फक्त लिहायचं आहे, मला राग आलेला नाही, मला कसलाही राग आलेला नाही, माझं अक्षर गोल आहे, हे तेच अक्षर जे ट्रंकेतल्या पत्रांत आहे आणि ती पत्रं आता मी तिला देईन, सगळी, तारखेवार, आणि ती त्यातल्या चुका काढत बसेल आणि मी बसू देईन, चाक पावभर आलं आहे, हात थोडा हलका झाला आहे, पेन कमी तापतं आहे, छातीतला दुसरा ठोका आता माझ्या आत नाही, तो मागे आहे, खुर्चीच्या बाजूला आहे, अर्धं आलं आहे, बाई डोळ्यांनीच सांगतात की हळू, मी हळूच आहे, बाई, मी आयुष्यात इतका हळू कधी नव्हतो, मागे खुर्ची करकरली, वजन आलं की लाकूड करकरतं, थंडोबाने तोंडावर हात ठेवला आहे आणि त्याचे डोळे भरले आहेत म्हणजे त्याला ती दिसते आहे, मी वळणार नाही, मी लिहितो आहे, निळा स्वेटर असेल का, बघणार नाही, पाऊण आलं, थोडंच राहिलंय, नाही, थोडंच राहिलंय असं म्हणायचं नाही, पुष्कळ राहिलंय, पुष्कळ राहिलंय, माझ्या मानेवर श्वास येतो आहे आणि तो गरम आहे आणि तिचा हात माझ्या खांद्यावर आहे आणि त्याला वजन आहे, खरं वजन, मी रडतो आहे पण ओळ तुटलेली नाही, शाई थोडी पसरली एवढंच, ती वाकली आहे, ती कानाशी काही आठवल्यासारखी हसते आहे, ती म्हणते आहे अरे हो, ती म्हणते आहे काडे